जमीन कोणाला मिळाली, आणि कोणाची होती?
कृषी शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

गेली २१ वर्षं मी कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा विषय, शिकवते. मागच्या सत्राच्या परीक्षेत एक प्रश्न होता : ‘अमेरिकेतल्या १८६२च्या मॉरिल कायद्याने जमीन कोणाला मिळाली?’ खाली चार पर्याय. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ‘राज्यांना’वर खूण केली. आदर्श उत्तरपत्रिकेत उत्तर होतं ‘शेतकऱ्यांना’. तिचा गुण गेला. पेपर घेऊन ती माझ्याकडे आली, कारण ‘राज्यांना’ हे मीच वर्गात शिकवलं होतं आणि तेच बरोबर आहे. मी रीतसर अर्ज केला, सोबत कायद्यातली तरतूद जोडली. दोन महिन्यांनी उत्तर आलं की हा घटक कालबाह्य असल्यामुळे पुढच्या वर्षीपासून वगळण्यात येत आहे. गेलेल्या गुणाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

चूक दाखवली म्हणून धडाच काढून टाकायचा, हे मला गप्प राहून मान्य करता येत नाही. अर्जाला अर्ज जोडत बसण्यापेक्षा चार लोकांसमोर बोलावं, म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे.

आधी चूक काय आहे ते पाहू. आपण पाठवलेल्या टिपणांत या विषयाला एकच वाक्य मिळालं आहे. सिनेटर मॉरिल यांनी १८६२मध्ये शेतकऱ्यांना सरकारी पडीक जमीन वाटून कृषी शिक्षणाचा पाया घातला, असं ते वाक्य. त्यात तीन चुका आहेत. १८६२ साली मॉरिल सिनेटर नव्हते. ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते आणि सिनेटवर १८६७ साली गेले. जमीन शेतकऱ्यांना वाटणारा कायदा निराळा. तो होमस्टेड कायदा. १८६२च्याच मे महिन्यात तो झाला आणि त्यात कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन मिळत होती. मॉरिल कायदा २ जुलैचा, आणि त्यात जमीन मिळाली ती राज्यांना, महाविद्यालयं उभी करण्यासाठी. एकाच वर्षातले दोन कायदे एकमेकांत मिसळले, एवढंच असतं तर मी समजून घेतलं असतं. तिसरी चूक मात्र ‘पडीक’ या शब्दात आहे, आणि तिच्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. पण त्याआधी हा माणूस कोण होता ते सांगते, कारण तोही आपल्या टिपणांत कुठे नाही.

जस्टिन स्मिथ मॉरिल यांचा जन्म १४ एप्रिल १८१०चा, व्हरमाँट राज्यातल्या स्ट्रॅफर्ड गावचा. वडील लोहार. मुलगा हुशार, पण कॉलेजात पाठवण्याची घरची ऐपत नव्हती, त्यामुळे पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि ते गावातल्या दुकानात कामाला लागले. काही काळ मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदरात नोकरी केली, मग गावी परत येऊन भागीदारीत दुकान चालवलं. दुकानाची दुकानं झाली. १८४८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतलं आणि स्ट्रॅफर्डलाच शेती करायची ठरवली. तिथे त्यांनी बांधलेलं गुलाबी रंगाचं घर अजून उभं आहे. भोवतालची बाग त्यांनी स्वतः आखली होती.

आपल्याकडे ज्याला शेतकरी म्हणतात तसे ते नव्हते, हे मी वर्गातही सांगते. पोटापुरतं मिळवून ठेवल्यावर हौसेने शेतीत उतरलेला तो माणूस होता. १८५४ साली थोडक्या मतांनी निवडून येऊन वॉशिंग्टनला गेल्यावर शेताकडे पाहायला वेळ तो किती मिळणार? पण दोन गोष्टी त्यांनी आयुष्यभर सोडल्या नाहीत. एक, स्वतःला न मिळालेलं शिक्षण. दुसरी, न्यू इंग्लंडची दमलेली माती. एप्रिल १८५८च्या भाषणात त्यांनी १८४० आणि १८५०च्या शिरगणतीतले आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि आपल्या भागात गहू आणि बटाटा कसा घटत चालला आहे ते सभागृहाला दाखवलं. माती झिजते आहे, लोक ती टाकून पश्चिमेकडे निघाले आहेत, आणि ती कशी राखावी हे शिकवणारं कोणी नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मी हा भाग शिकवते तेव्हा सेंद्रिय कर्ब कमी झालेल्या आपल्या जमिनींबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. मुलं आपणहून घरच्या माती परीक्षणाचे अहवाल काढून बोलू लागतात.

हा कायदा एका दमात झालेला नाही. १८५६ साली मॉरिल यांनी शेतीच्या शाळांचा विचार व्हावा म्हणून ठराव मांडला. तो तिथेच पडला. डिसेंबर १८५७मध्ये विधेयक आणलं. समितीने विरोधात मत दिलं, तरी प्रतिनिधिगृहात ते १०५ विरुद्ध १०० मतांनी आणि सिनेटमध्ये २५ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झालं. फेब्रुवारी १८५९मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, यादवी युद्ध पेटलं, आणि मॉरिल यांनी तेच विधेयक पुन्हा पुढे आणलं. या वेळी राज्याला त्याच्या प्रत्येक खासदारामागे २० हजारांऐवजी ३० हजार एकर, आणि शिकवण्याच्या विषयांत लष्करी कवायतीची भर. सिनेटमध्ये ओहायोच्या बेंजामिन वेड यांनी ते लावून धरलं. लिंकन यांनी सही केली त्याच्या आदल्या दिवशी रिचमंडजवळ सात दिवसांच्या लढाईतली शेवटची चकमक संपली होती.

कल्पना मॉरिल यांच्या एकट्याची होती असंही मुलांना सांगू नये. इलिनॉयमधले प्राध्यापक जोनाथन बाल्डविन टर्नर १८५१पासून कष्टकऱ्यांसाठी विद्यापीठ हवं म्हणून गावोगाव सभा घेत होते. श्रेय कोणाचं यावर तिकडे आजही वाद होतात. मला मात्र या माणसाचा चिवटपणा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचा प्रयत्न दोनदा अडला, तरी तिसऱ्यांदा ते तितक्याच नेटाने उभे राहिले.

कायद्यात काय होतं हेही आपल्या टिपणांत हवं, कारण खरी बुद्धी तिथे दिसते. जमीन विकून आलेला पैसा गुंतवायचा आणि त्याच्या व्याजावर महाविद्यालय चालवायचं. प्रयोगक्षेत्रासाठी किंवा जागेसाठी त्यातला फार तर दहावा हिस्सा. इमारत बांधायला किंवा दुरुस्त करायला यातला एक डॉलरही वापरायचा नाही. पाच वर्षांत कॉलेज उभं राहिलं नाही तर पैसे परत. शेती आणि यंत्रविद्या तर शिकवायचीच, पण इतर शास्त्रं आणि भाषा-वाङ्मय वगळायचं नाही, असंही कायद्यात स्पष्ट आहे. शिक्षण कामाचं हवं आणि मन मोकळं करणारंही हवं. लोहाराच्या, शेतकऱ्याच्या मुलाला फक्त हत्यार चालवायला शिकवून परत पाठवायचं नाही, हा त्यामागचा आग्रह. आज आपण कृषी पदवीतून भाषेचे, इतिहासाचे तास कमी करत चाललो आहोत आणि त्याला व्यावसायिकता म्हणतो. मला वाटतं, मूळ कायदा आपल्यापेक्षा पुढचा होता.

आता ‘पडीक’ या शब्दाकडे येते.

जमीन पडीक नव्हती. या कायद्याखाली वाटली गेलेली जमीन सुमारे १ कोटी ७ लाख एकर होती आणि ती जवळजवळ अडीचशे आदिवासी जमातींकडून, करारांनी किंवा जबरदस्तीने, काढून घेतलेली होती. कोणत्या कॉलेजाला कोणत्या जमातीची कोणती जमीन मिळाली याचा हिशेब पत्रकारांनी आणि इतिहासकारांनी तुकड्या-तुकड्याने जुळवला आणि २०२०मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या राज्यात केंद्राची जमीन शिल्लक नव्हती त्याला ‘स्क्रिप’ मिळे, म्हणजे दुसऱ्या राज्यातली तेवढी जमीन निवडण्याचा हक्क देणारा कागद. न्यूयॉर्कला अशी ९ लाख ९० हजार एकरांची स्क्रिप मिळाली. त्यातून कॉर्नेल विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांनी विस्कॉन्सिनमधलं सुमारे ५ लाख एकर पाइनचं जंगल निवडलं. ती ओजिब्वे लोकांची भूमी. विद्यापीठ उभं राहिलं न्यूयॉर्कमध्ये आणि ज्यांचं जंगल गेलं ते विस्कॉन्सिनमध्येच राहिले. कॅलिफोर्नियात तर १८५१-५२ साली आदिवासींशी १८ करार झाले होते. सिनेटने ते मंजूर केले नाहीत आणि १९०५पर्यंत कोणाला दाखवलेही नाहीत. म्हणजे कागदावरची मोबदल्याची ओळही नाही, आणि जमीन मात्र कॉलेजांच्या नावावर.

मॉरिल यांच्या मनात आदिवासींना लुटायचं होतं, असं मी म्हणत नाही. त्यांच्या भाषणांत या लोकांचा विचारच दिसत नाही, आणि मला ते अधिक लागतं. एका गरीब घरातल्या मुलाची शाळा सुटली, त्याचं दुःख त्यांना जन्मभर सलत राहिलं. ज्यांच्या पायाखालची जमीन काढून त्या शाळा उभ्या राहणार होत्या, त्यांची घरं मात्र त्यांच्या नजरेला पडली नाहीत. एका माणसात हे दोन्ही असू शकतं, हे विशीतल्या मुलांना कळायला हवं. ते समजून घेण्याचं त्यांचं वय झालेलं आहे.

आपल्यापैकी कोणी विचारेल, की बाई, अमेरिकेतल्या आदिवासींचं आपल्याला काय? माझं उत्तर माझ्या आजोळात आहे. आईच्या माहेरची ओलिताची सात एकर जमीन एका कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रासाठी गेली. आजोबांना मोबदला मिळाला. तो किती दिवस पुरला हे आजी सांगायची. मामा नोकरीसाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन चकरा मारत राहिला, वय उलटेपर्यंत. त्याच प्रकारच्या विद्यापीठात मी शिकले, सरकारी शुल्कात, वसतिगृहात राहून. माझ्या हातात पदवी आहे आणि मामाच्या हातात दाखला आहे, आणि दोन्ही एकाच शिवारातून आलं आहे. प्रक्षेत्रावर प्रात्यक्षिकाला उभी राहिले की मला बांधावरची विहीर दिसते. ती कोणी खणली हे तिथल्या पाटीवर लिहिलेलं नाही. म्हणून ‘पडीक’ हा शब्द मला वाचताना सोसवत नाही.

आणि हे नातं केवळ साम्याचं नाही. भारतातली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या, म्हणजे मॉरिल कायद्याच्या जमिनीतून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांच्या, धर्तीवरच उभी राहिली. पंतनगरचं पहिलं विद्यापीठ १९६० साली इलिनॉयच्या मदतीने झालं. आपल्याकडे राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. महाराष्ट्रात ही घडी बसवण्यासाठी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाची मंडळी आली होती. पेनसिल्व्हेनिया राज्याला मॉरिल कायद्याने ७ लाख ८० हजार एकरांची स्क्रिप मिळाली होती. ती सगळी जमीन पश्चिमेकडची, दुसऱ्या लोकांची. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्रिसूत्री आपण पहिल्या वर्षाच्या मुलांकडून घोकून घेतो. ती ज्या साखळीने इथवर आली तिची पहिली कडी ही आहे. ‘कालबाह्य’ म्हणून ती तोडता येणार नाही.

दुसरी गोष्ट जातीची. महाराष्ट्रात शिकवताना तिला बगल देणं मला शक्य नाही. १८६२च्या कायद्यानंतर दक्षिणेत जी महाविद्यालयं झाली त्यांतल्या बहुतेकांची दारं काळ्या लोकांना बंद होती. १८९० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मॉरिल यांनी दुसरा कायदा मंजूर करून घेतला. तेव्हा ते सिनेटमध्ये होते. प्रवेश देताना वंशभेद करणाऱ्या कॉलेजला पैसे मिळणार नाहीत, असं त्यात म्हटलं. पण त्याच वेळी एक पळवाट ठेवली, की काळ्यांसाठी वेगळं कॉलेज काढून पैसे रास्त प्रमाणात वाटले तरी चालेल. दक्षिणेने पळवाटच धरली. वेगळी कॉलेजं झाली, रास्त वाटप झालं नाही. २०२३मध्ये अमेरिकेच्या शिक्षणमंत्री आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून कळवलं, की १९८७ ते २०२० या काळातच या महाविद्यालयांना १२ अब्ज डॉलरांहून अधिक कमी निधी मिळाला आहे. कायद्यातला एक सैल शब्द सव्वाशे वर्षांनीही किती महाग पडतो, हे यापेक्षा चांगलं कशातून शिकवता येईल?

आणि तरीही याच कायद्याची दुसरी बाजू मराठी वाचकाला माहीत आहे, फक्त ती मॉरिल यांच्या नावाशी कोणी जोडून दाखवत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्याकडे घराघरांत पोचलेले आहेत. गुलामीत जन्मलेला हा मुलगा. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने प्रवेश दिला आणि रंग पाहून दारातून परत पाठवलं. पुढे त्यांना जागा मिळाली ती एम्स इथल्या आयोवाच्या कृषी महाविद्यालयात. १८९४ साली तिथून पदवी, १८९६ साली पदव्युत्तर पदवी, मग अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत अध्यापन. आयोवा हे मॉरिल कायदा सर्वांत आधी स्वीकारणारं राज्य. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केलेले कृषितज्ज्ञ, तेही शेती शिकले ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या अशाच कॉलेजांत. मी हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. घटक कालबाह्य असता तर असं झालं नसतं.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो. मॉरिल आणि जोतीराव एकमेकांना ओळखत नव्हते. पण शिक्षणाचा पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च होतो, हा प्रश्न दोघांच्याही कामाच्या मुळाशी आहे. जोतीरावांचं नाव राहुरीच्या विद्यापीठाला आहे. त्यांची साक्ष आणि मॉरिल यांचा कायदा एकाच आठवड्यात शिकवावा, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

मॉरिल यांचा मृत्यू २८ डिसेंबर १८९८ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला, पदावर असतानाच. प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून जवळजवळ ४४ वर्षं ते सलग निवडून येत राहिले. जकातीचा मोठा कायदा त्यांच्या नावावर आहे, काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या इमारतीसाठी ते भांडले. त्या सगळ्याचा आपल्या विषयाशी फारसा संबंध नाही, ते गाळलं तरी माझी तक्रार नाही.

माझं मागणं थोडकं आहे. आदर्श उत्तरपत्रिका दुरुस्त करा आणि ‘राज्यांना’ लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा गुण द्या. एका गुणावर कोणाची शिष्यवृत्ती अडते हे वसतिगृहात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घटक वगळण्याचा निर्णय मागे घ्या आणि त्याला निदान तीन तास द्या : एक मॉरिल यांच्या आयुष्याला आणि कायद्याला, एक त्या जमिनीला, एक १८९०च्या कायद्याला. टिपणातला ‘पडीक’ शब्द काढा आणि त्या जागी जमातींची नावं लिहा. टिपणं छापण्याआधी विषय शिकवणाऱ्या दोन-तीन शिक्षकांना वाचायला द्या. पैसे पडणार नाहीत, आम्ही आनंदाने वाचू.

आणखी एक मागणं आहे, ते माझ्या जिवाच्या जवळचं. पहिल्या वर्षाची मुलंमुली प्रक्षेत्रावर पहिल्यांदा येतात तेव्हा आपण त्यांना मातीचा प्रकार सांगतो, वाण सांगतो, ठिबकाचा संच दाखवतो. त्याच फेरीत ही जमीन कोणत्या गावाची, किती कुटुंबांची होती, कोणत्या साली संपादित झाली, हेही सांगावं. जुने सातबारा उतारे काढले तर नावं मिळतील. प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या प्रक्षेत्राचा एवढा इतिहास एका पानावर लिहून काढावा. त्याच्या शेजारी न्यूयॉर्क आणि ओजिब्वे यांचं पान ठेवलं, की मॉरिल कायदा वेगळा शिकवायची गरज फारशी उरणार नाही.

या पत्राचं लेखी उत्तर मिळावं, अशी विनंती. त्या मुलीची उत्तरपत्रिकेची प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. सत्र सुरू होण्याआधी ती न्यायला येईन, असं ती सांगून गेली आहे, आणि गुण मिळाला का हे ती आल्या आल्या विचारील.

आपली,
विस्तार शिक्षणाची एक शिक्षिका